सुईच्या अग्रावर

महाभारत घडलं ते सुईच्या अग्रावर राहील एवढ्या मातीवरून. रेकॉर्ड ऐकणाऱ्या शौकिनांत आजही भांडणं होतात ती सुईच्या अग्रावरूनच. माती मात्र त्यांना चालत नाही. ती ते मखमली ब्रशाने आधीच पुसून घेतात.

ज्यांच्या घरी टर्नटेबल नाही अशा सुखी वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. टर्नटेबलचा जो लांब हात असतो, त्याच्या टोकाला अर्ध्या काडेपेटीएवढी एक डबी असते. तिला म्हणतात कार्ट्रिज. डबीच्या पोटाखाली एक बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याचा कण. हिरा म्हटल्यावर बायकोने चष्मा लावून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. हा कण रेकॉर्डच्या खाचेतून थरथरत जातो, दांडीच्या दुसऱ्या टोकाची इवलीशी चुंबकं हलतात आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. किती? तर चार मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणजे बॅटरीतल्या साध्या सेलचा पावणेचारशेवा भाग. एवढ्या भांडवलावर भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर आणि संपूर्ण गीतरामायण चालतं. आमच्या बँकेत इतक्या भांडवलावर कुणी कर्जाचा अर्ज केला असता, तर साहेबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

या डबीवर जी परीक्षणं लिहिली जातात, ती वाचायला लागल्यापासून मला मराठी साहित्यसमीक्षा सोपी वाटू लागली आहे. 'पडदा दूर झाला' ही तिथली नांदी. नवी कार्ट्रिज बसवली की गायक आणि श्रोता यांच्यामधला पडदा दूर होतोच. मी हिशेबाचा माणूस. दहा परीक्षणं वाचली आणि अकरा पडदे दूर झाल्याची नोंद केली. द्रौपदीला वस्त्रं पुरवणाऱ्याने उरलेला माल बहुधा या धंद्यात घातला असावा. दुसरा आवडता शब्दप्रयोग 'काळीभोर शांतता'. चांगल्या कार्ट्रिजमधून दोन स्वरांच्या मधली शांतता म्हणे काळीभोर ऐकू येते. आमच्या घरात शांतता असलीच तर ती मळखाऊ रंगाची असते. आणि शेवटचा साक्षीदार म्हणजे परीक्षकाची बायको. ती नेहमी स्वयंपाकघरात असते, तिला या यंत्रातलं काही म्हणता काही कळत नाही, आणि तरीही ती हात पुसत बाहेर येऊन विचारते, "आज काही वेगळं लावलंय का?" यावर परीक्षण संपतं आणि खरेदी सुरू होते. माझीही बायको बाहेर आली. म्हणाली, "आवाज कमी करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

माझ्या मेव्हण्याचं या सगळ्यावर एक ठाम मत आहे. तो म्हणतो, "दाजी, तुम्ही गाणं ऐकत नाही, सुई ऐकता." वाक्य चांगलं आहे. त्याला स्वतःलाही ते फार आवडतं. पण ते अर्धंच खरं आहे. सुई हा गाण्याचा पहिला श्रोता. तिने जे ऐकलं नाही, ते मागाहून कुणालाच ऐकू येत नाही. पुढे ॲम्प्लिफायर कपाटाएवढा आणा, स्पीकर दारात मावणार नाहीत असे आणा. शिपायाने टपालच खाली ठेवून दिलं असेल, तर साहेबाच्या केबिनला एसी असून काय उपयोग?

ही गोष्ट अमेरिकेच्या 'नासा'ला बरोबर समजली होती. १९७७ साली त्यांनी व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली आणि प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची रेकॉर्ड ठेवली. त्या रेकॉर्डवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या बाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या. दुसरं यान उडून तेव्हा अकरा दिवस झाले होते. पण मला कौतुक आहे ते त्या शास्त्रज्ञांच्या संसारी बुद्धीचं. रेकॉर्डबरोबर त्यांनी कार्ट्रिज आणि सुईही पाठवली, आणि ती कशी ठेवायची याच्या आकृत्या वरच्या झाकणावर कोरल्या. परग्रहावरच्या माणसाकडे बुद्धी असेल, पण सुई असेलच असं नाही.

आमच्या घरात तीन सुया नांदल्या. पहिली बाबांच्या जुन्या प्लेअरची, सिरॅमिक कार्ट्रिजची. तिचा भार पाच-सहा ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या हिशेबात अर्धा तोळा. अर्धा तोळा डोक्यावर घेऊन ही बाई रेकॉर्डवरून चालायची आणि वर्षानुवर्षं बदललीही जायची नाही. दुसरी माझ्या टर्नटेबलवरची ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीची हिरवी सुई. अमेरिकेच्या शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणंच थांबवल्यावर पुष्कळ शौकीन पोरके झाले. २०१९ साली ऑडिओ-टेक्निकाची ही मालिका आली आणि तिने मध्यमवर्गाची मोठी सोय केली. डबी तीच ठेवायची आणि नुसती सुई बदलायची. साडी तीच, पोलकं नवं. मी हिरवी काढून लाल घातली. दोघींचाही भार दोन ग्रॅम, म्हणजे दोन मासे. फरक हिऱ्याच्या पैलूंत. हिरवीच्या टोकाच्या कडेची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन, लालची सुमारे ३. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. माझ्या डोक्यावर मोजमापासाठी अजून काही शिल्लक आहेत.

लाल सुईला हिरवीच्या अडीच-तीनपट पैसे पडतात. आता बी.कॉम.चा उपयोग. कंपनी म्हणते, हिरवी ३०० तास चालेल, लाल १,०००. चाळीस मिनिटांची एक रेकॉर्ड धरली तर हिरवीवर साडेचारशे रेकॉर्डी होतात, लालवर दीड हजार. म्हणजे दर रेकॉर्डीमागे खर्च जवळजवळ सारखाच, किंबहुना लाल किंचित स्वस्त. आम्ही ज्याला हिशेबात घसारा म्हणतो, तो इतक्या शब्दशः दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. हा ताळेबंद मी बायकोपुढे मांडला. तिने तो संमत केला नाही, पण फेटाळलाही नाही. दफ्तरी दाखल केला.

पण पैशांचा हिशेब जुळला म्हणून वस्तू चांगली ठरत नाही. लाल सुईची खरी परीक्षा रेकॉर्डच्या शेवटच्या इंचात होते, आणि तिथे आपल्या संगीताची एक जुनी अडचण आहे. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेर असो की आत, फेऱ्याला वेळ तेवढाच. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. एका सेकंदाचं गाणं सुरुवातीला ऐसपैस वाड्यात राहतं आणि शेवटी चाळीतल्या खोलीत. आता आपला ख्याल पाहा. ज्याला घाई नाही, जो एकेका स्वरावर लोडाला टेकून बसतो, त्या विलंबिताला वाडा. आणि जिथे स्वरांचं अख्खं खटलं मुलाबाळांसह उतरतं, त्या द्रुतातल्या तानांना चाळीतली खोली. मैफलीत शेवटी येते म्हणून रेकॉर्डीवरही पुष्कळदा शेवटी टाकलेली भैरवी तर जन्मभर त्या लेबलाला खेटून राहिली.

किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची ती प्रसिद्ध एल.पी. घ्या. भूप पाच स्वरांचा. मध्यम आणि निषाद वर्ज्य. बाबांच्या सिरॅमिक सुईने विलंबित बऱ्यापैकी ऐकवलं, पण द्रुतातल्या तानांत वर्ज्य स्वरांच्या रिकाम्या जागी तिने 'खर्र' नावाचा स्वतःचा सहावा स्वर लावला. हिरवीने तो कमी केला, पण अगदी शेवटी तान जरा पाण्यातून पाहिल्यासारखी दिसायची. 'सहेला रे' या बंदिशीचं पहिलं अक्षरच 'स', आणि लेबलाकडे जाणाऱ्या अरुंद खाचेत 'स' हा सुईचा सर्वांत मोठा शत्रू. तिथे त्याचा 'फस्स' होतो. चांगली गाणारी बाई मधूनच मांजरीला हाकलते आहे असं वाटतं.

लाल सुईने मांजर गेली. 'स' हा 'स'च राहिला, आणि त्यामुळे मला या रेकॉर्डीबद्दल एक मत नोंदवता आलं. सर्वसाधारण समज असा, की विलंबित हे ताईंचं चिंतन आणि द्रुत ही जेवणानंतरची मिठाई. मला तसं वाटत नाही. द्रुतात त्या गांधारावरून पंचमावर जातात, तेव्हा मधल्या वर्ज्य मध्यमाची जागा त्या नुसती ओलांडत नाहीत, ती रिकामी आहे हे दाखवून ओलांडतात. विलंबितात जी गोष्ट सावकाश सिद्ध केली, तीच इथे धावता धावता पुन्हा सिद्ध केली आहे. ही मिठाई नव्हे, दुसरं जेवण आहे. पण हे कळायला दोन स्वरांमधली फट स्वच्छ ऐकू यावी लागते. ती खरखरीने भरून गेली, तर भूप नुसता गोड वाटतो. नुसता गोड भूप शाळेच्या प्रार्थनेतही मिळतो.

लाल सुईचे दोष सांगितले नाहीत तर हे परीक्षण जाहिरात होईल. ही सुई दयाळू नाही. भावगीतांच्या एका जुन्या रेकॉर्डीवर व्हायोलिनवाले किती होते आणि त्यांतले किती एकाच वेळी सुरू झाले, हे तिने मला न विचारता सांगितलं. पावसाळ्यात रेकॉर्डीवर धरलेली बुरशी ती बोटाने दाखवते. तिचा कोन जरा चुकला की तीनपट पैशाचा हिरा हिरवीपेक्षा वाईट वाजतो. मग कंपासपेटीतल्या कोनमापकासारखा एक कागद ठेवून, भिंग लावून, श्वास रोखून स्क्रू पिळत बसायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना तर तिचा उपयोगच नाही. त्यांची खाच रुंद, त्यांना वेगळीच जाडी सुई लागते. आणि ज्यांना कथाकथन आणि नाटकांचे प्रवेशच ऐकायचे असतील, त्यांनी हिरवीवर समाधान मानावं. विनोद तीन मायक्रॉननेही तेवढाच कळतो.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच परीक्षणात वाचली नव्हती. रेकॉर्ड हे एक पासबुक आहे. दर वेळी ऐकलं की थोडी रक्कम निघते. व्याज नाही, भरणा नाही. जुनी सुई जितकी जड, तितका चेक मोठा. बाबा गेल्यानंतर त्यांच्या रेकॉर्डी मी एकेक करून लावत होतो आणि लाल सुई प्रत्येक खात्याचा उतारा वाचून दाखवत होती. बाबांचं घरातलं जाहीर धोरण म्हणजे अभंग आणि शास्त्रीय. पण भीमसेनजींच्या अभंगांची रेकॉर्ड जवळजवळ कोरी निघाली. आमच्या भाषेत डॉर्मंट अकाउंट. भूपात अधूनमधून व्यवहार. आणि 'पिंजरा'ची रेकॉर्ड? शेवटच्या पैशापर्यंत उपसलेली. १९७२ सालचा शांतारामबापूंचा चित्रपट, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांच्या लावण्या. कडक आदर्शवादी मास्तर तमाशातल्या बाईपायी आदर्शासकट वाहून जातो, अशी ती गोष्ट. बाबा हा चित्रपट 'समाजप्रबोधनात्मक' असल्याचं सांगत.

हिरव्या सुईने ती रेकॉर्ड ऐकवत नव्हती. भाजणी भाजल्यासारखा आवाज यायचा. पण गोल टोकाची जुनी सुई खाचेच्या भिंतीला ठरावीक उंचीवर घासते, आणि लाल सुई त्याच भिंतीला वरपासून खालपर्यंत उभ्या रेषेत टेकते. बाबांनी जिथे घासलं नव्हतं, तिथली उरलीसुरली बाकी तिच्या हाती लागली. नवी करकरीत नव्हे, पण त्या तडतडाटामागून आवाज उभा राहिला, ढोलकीची बोटं वेगळी झाली.

आई पलीकडे गवार मोडत बसली होती. म्हणाली, "ही त्यांनी घासलीय."

"तुला माहीत होतं?"

"मी भिशीला गेले की लावायचे. परत येताना जिन्यातच ऐकू यायचं. मग मी खालीच थांबायचे, संपेपर्यंत."

"वर का नाही यायचीस?"

"आले असते तर बंद केलं असतं ना त्यांनी," आई म्हणाली. "जरा मोठा कर आवाज."

कुकरच्या त्या दिवशी किती शिट्ट्या झाल्या, ते कुणीच मोजलं नाही.