पसंति आणि संमति

अर्थशास्त्रानें मेंदूच्या शास्त्राचें साह्य घ्यावें कीं नाहीं, हा वाद बराच रंगला आहे. २००५ सालीं कॅमेरर, लोवेन्स्टाइन व प्रेलेक यांनीं एका प्रदीर्घ निबंधांत तें अवश्य घ्यावें, असें प्रतिपादन केलें. त्यावर प्रिन्स्टन येथील गुल व पेसेंडॉर्फर यांचें म्हणणें असें कीं, मनुष्य काय निवडतो एवढाच अर्थशास्त्राचा विषय. मेंदूंत काय घडतें याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. या दोन्ही पक्षांची परीक्षा एका साध्या खेळानें होते, असें आम्हांस वाटतें.

एकानें दहा डॉलरांची वांटणी सुचवावयाची. दुसऱ्यानें ती स्वीकारली तर त्याप्रमाणें पैसे मिळतात, नाकारली तर दोघेही रिकाम्या हातीं परततात. निव्वळ हिशेबानें पाहतां एक डॉलरही नाकारूं नये; तथापि पुष्कळ जण असली वांटणी धुडकावून लावतात. २००३ सालीं सॅन्फी व त्यांचे सहकारी यांनीं अशा लोकांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. अन्याय्य वांटणीच्या वेळीं, किळस आली असतां मेंदूचा जो भाग जागृत होतो, तोच जागृत झालेला दिसला. कपाळामागील भागाची जागृति ही पैसे मिळविण्याच्या हेतूची असावी, असाही तर्क निघाला. म्हणजे नकार ही भावनेची उसळी, व स्वीकार हा बुद्धीचा कौल!

परंतु २००६ सालीं क्नोख, फेर प्रभृति संशोधकांनीं चुंबकीय स्पंदनांनीं त्याच भागाची उजवी बाजू कांहीं काळ मंद केली, तेव्हां लोक अन्याय्य वांटणी अधिकच स्वीकारूं लागले. आतां मोह ही उसळी ठरली आणि नकार हा संयम! चित्रावरून निवाडा देण्याची घाई किती धोक्याची, हें यावरून उघड होतें.

मात्र दुसऱ्या पक्षानेंही यांत समाधान मानूं नये. स्वीकार करणाऱ्या त्या लोकांना विचारलें असतां, वांटणी अन्याय्यच आहे, असें त्यांनीं पूर्वीसारखेंच सांगितलें. केवळ निवड पाहणारा त्यांच्या नांवापुढें ‘पसंति’ लिहील, आणि व्यवहारांत त्या शब्दाचा ‘संमति’ असा अर्थ होण्यास वेळ लागणार नाहीं. अपुऱ्या मजुरीवर राबणारा मनुष्य ती मजुरी न्याय्य मानतो, हा समज याच वाटेनें रूढ होतो.

न्यायाची जाणीव आणि त्या जाणिवेप्रमाणें वागण्याचें बळ हीं दोन निराळीं आहेत, हें या प्रयोगानें दाखविलें. हें मेंदूच्या शास्त्राचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण ती जाणीव शाबूत आहे हें ना यंत्रानें सांगितलें, ना निवडीनें. तें त्या माणसालाच विचारावें लागलें. दोन्ही पक्षांच्या पंडितांनीं एवढें ध्यानांत ठेवलें, तरी वाद सार्थकीं लागला असें आम्ही म्हणूं.