नवख्याला खेळात कसं घ्यायचं? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तीन पुस्तकं शेजारी ठेवून

संशोधनाचा विषय भारदस्तच हवा, असा एक समज पेट-नेटच्या तयारीत पक्का होऊन बसतो. म्हणून आज मुद्दाम असा विषय घेतेय, जो ऐकून घरचे म्हणतील, "हे काय, खेळच ना?" हो, खेळच. पण प्रश्न नीट विचारला तर या खेळाच्या पुस्तकांतून शिकण्या-शिकवण्याबद्दल बरंच काही हाती लागतं. आपला प्रश्न एकच : ज्याला काहीच माहीत नाही त्याला आत घेताना आधी काय द्यायचं?

आधी खेळाबद्दल थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे डीएम. तो जग उभं करतो : भुयार, राक्षस, गावातला सराईवाला. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि "मी आता हे करतो" असं बोलून खेळतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत आणला. डबीत तीन लहान पुस्तिका होत्या, आणि त्या युद्धखेळ आधीच खेळणाऱ्यांसाठी लिहिलेल्या होत्या. नवखा माणूस त्या वाचून खेळू शकेल, ही अपेक्षाच धरू नका.

मग नवख्यांसाठी 'बेसिक सेट' निघाले. 1977, 1981 आणि 1983. सहा वर्षांत तीनदा तेच काम! एकच काम पुन्हा पुन्हा केलेलं दिसलं की अभ्यासकानं थांबावं. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवख्याबद्दलची कल्पना बदललेली असते.

होम्स : आधी घर आवरू

1977 चं पुस्तक जे. एरिक होम्स यांनी संपादित केलं. ते न्यूरॉलॉजीचे प्राध्यापक होते. त्यांनी विखुरलेले नियम गोळा केले, क्रम लावला, खेळ पहिल्या तीन लेव्हलपुरता मर्यादित केला आणि 48 पानांत बसवला. शेवटी एक नमुन्याचं भुयारही दिलं. काम प्रामाणिक आहे. पण इथला नवखा कोण? ज्याला खेळायचं आहे हे आधीच ठरलंय, फक्त नियम समजत नाहीत, असा. त्याची अडचण माहितीची आहे असं पुस्तक धरून चालतं. संशोधन पद्धतीच्या कोर्सवर्कमध्ये पहिल्याच दिवशी 'सॅम्पलिंगचे प्रकार' फळ्यावर येतात ना, त्याच जातीचं हे. चूक काहीच नाही. पण घरी गेल्यावर उद्या सकाळी नेमकं काय करायचं, ते कळत नाही.

मोल्डव्हे : शेजारच्या टेबलावर कान द्या

1981 मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी 64 पानांचं नवं पुस्तक केलं. त्यातला खेळाच्या नमुन्याचा संवाद माझ्या मते या तिन्ही पुस्तकांतला सगळ्यात मोलाचा भाग आहे. डीएम आणि खेळाडू बोलताहेत, आपण ऐकतोय. ब्लॅक डुगल नावाचा चोर एका पेटीत सापळा आहे का ते तपासतो. सापडत नाही. पेटी उघडायला जातो, सुई टोचते, विषातून वाचण्यासाठीचा फासा चुकतो. मेला.

आता आकडे बघा. पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा सापडण्याची शक्यता 10 टक्के. विषातून वाचायला 20 बाजूंच्या फाशावर 13 किंवा जास्त हवेत, म्हणजे 40 टक्के. शिवाय सापळ्याचा फासा डीएम टाकतो, खेळाडूला आकडा दिसत नाही. त्यामुळे 'सापडला नाही' हे ऐकल्यावर 'सापळा नाहीच' असं मानायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. दहा टक्के पकडणाऱ्या साधनानं 'काही नाही' म्हटलं, तर त्या 'नाही'ला किंमत किती? व्हायवाला कुणी विचारलं की "फरक आढळला नाही म्हणजे फरक नाही, असं का म्हणता?" तर डुगल आठवा.

हा संवाद नियम समजावत बसत नाही. खेळात 'चाल' म्हणजे काय हे तो दाखवतो. 'आता मी काय म्हणू शकतो?' हीच तर नवख्याची खरी अडचण असते.

मेंट्झर : हात धरून आत

1983 ची फ्रँक मेंट्झर यांची लाल डबी बहुतेकांना लॅरी एल्मोरच्या मुखपृष्ठामुळे आठवते. इथे पुस्तक थेट तुमच्याशी बोलतं. तुम्ही एक योद्धा आहात, एकटेच गुहेत शिरता. नियम गरज पडेल तसे एकेक करून येतात. आत अलीना नावाची धर्मसेविका भेटते. ती मदत करते, शिकवते. मग बार्गल नावाचा जादूगार तिला मारतो.

भीती घालवण्यात या पुस्तकाचा हात कुणी धरणार नाही. स्वतःचं पात्र तयार करण्याची किचकट प्रक्रियाही ते पुढे ढकलतं, आधी तयार पात्र हातात देतं. हे फार शहाणपणाचं आहे. पण माझी तक्रार ऐका. तुम्ही काहीही करा, अलीना मरतेच. ज्या खेळाचं वेगळेपण 'तुमच्या निर्णयानं गोष्ट बदलते' हे आहे, त्याचा पहिलाच धडा 'तुमच्या निर्णयानं काही बदललं नाही' असा! पुढच्या एकट्यानं खेळायच्या साहसात पर्याय मिळतात हे खरं, पण तेही छापलेलेच. कुणालाच न सुचलेली गोष्ट बोलून दाखवायची आणि समोरच्यानं ती मान्य करायची, ही खेळातली गंमत तिथे नाही. कारण समोर कुणीच नाही.

मग निकाल काय?

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 च्या पुस्तकात मांडलं, की माणूस खऱ्या कामाच्या कडेला उभा राहून, छोटं पण खरं काम करत शिकतो. त्यांच्या उदाहरणातले लायबेरियातले शिकाऊ शिंपी आधी बटणं लावतात, कापड बेतणं नंतर येतं. या चष्म्यातून पाहिलं तर मोल्डव्हे नवख्याला कडेला उभा करतात, पण हातात बटण देत नाहीत. मेंट्झर बटण देतात, पण दुकानच नाही. म्हणून तुम्ही कुणाला हा खेळ शिकवणार असाल तर दोन्ही जोडा : मेंट्झरसारखं तयार पात्र द्या आणि मोल्डव्हेसारख्या चालू टेबलावर बसवा. नियमांचं पुस्तक पहिल्या दिवशी बंदच राहू द्या.

मराठीत खेळवलंत तर एक गंमत होईल. इंग्रजीत "मी दार उघडतो" आणि "उघडते" यांत फरक नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला क्रियापद विचारतं : बोलतंय कोण, तुम्ही की तुमचं पात्र? मुलगी पुरुष योद्धा खेळत असेल तर "मी उघडतो" म्हणताना क्षणभर अडखळेल. (कोल्हापूरकडची असेल तर कदाचित नाही!) मेंट्झरचा लिंग नसलेला 'तुम्ही' भाषांतरात टिकवणंही जड जाईल. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी 1983 च्या 'शेअर्ड फँटसी'मध्ये खेळाडू आणि पात्र या दोन पातळ्यांवरची ये-जा अभ्यासली. मराठी टेबलावर ती ये-जा क्रियापदाच्या शेवटीच ऐकू येईल. रेकॉर्डर लावा, लिहून काढा, मोजा. एका एमफिलइतका नाही, पण चांगल्या पेपरइतका ऐवज त्यात नक्की आहे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातलं नवख्यांसाठीचं एक पाठ्यपुस्तक घ्या, त्याच्या दोन वेगळ्या काळातल्या आवृत्त्या मिळवा आणि फक्त पहिली वीस पानं वाचा. दोनच प्रश्न विचारा : वाचणाऱ्याला काय येत नाही असं लेखकानं धरलंय? आणि वीस पानांनंतर तो काय *करू* शकतो? उत्तरं एका पानात लिहा. सिनॉप्सिसमधला 'समस्येचे विधान' हा रकाना भरताना ते पान समोर ठेवा.