काठावरचा माणूस आणि पंधरा मिलिमीटरची लेन्स

फोटोतला माणूस कुठे उभा आहे हे आपण बघतो. फोटो काढणारा कुठे उभा होता, हे कोणी विचारत नाही. आमच्या वस्त्यांच्या फोटोंची समीक्षा या प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे.

परवा एका प्रदर्शनात गेलो होतो. एक फोटो असा : वस्तीतली गल्ली, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी एका बाईचा पसरलेला हात. हात परातीएवढा आणि मागे बाईचं तोंड लिंबाएवढं. कोपऱ्यात एक पोरगं, त्याचं डोकं ओढून लांबट वांग्यासारखं झालेलं. बघणारे म्हणत होते, काय ताकदीचा फोटो आहे! मला राग आला. पण नुसत्या रागाची समीक्षा होत नसते. म्हणून मित्राकडून रेंजफाइंडर कॅमेरा आणि तसलीच रुंद लेन्स मागून आणली. महिनाभर वापरली. कळलं ते लिहितो.

लायका एम३ सारख्या १९५४ पासूनच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. वेगळी खिडकी असते. तिच्या मधोमध समोरच्याच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस जुळला. थोडक्यात, हे अंतर मोजायचं यंत्र. आता अंतर मोजणं आम्हाला काय नवं? कोणी किती पावलांवर थांबायचं, सावली कुठवर पडलेली चालेल, याची मापं या देशात कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

गंमत पुढंच आहे. जपानच्या कोसिना कंपनीनं १९९९ साली फोइक्टलेंडर या जुन्या जर्मन नावानं १५ मिलिमीटरची हेलियार लेन्स काढली. तिचा कोन ११० अंश. कॅमेऱ्याच्या खिडकीत एवढं मावत नाही, म्हणून वर वेगळा फाइंडर बसवायचा. आणि ही पहिली लेन्स अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला जोडलेलीच नव्हती! अंतर डोळ्यानं अदमासायचं आणि कडीवर लावायचं. एफ ८ वर ठेवून कडी १ मीटरला लावली, की साधारण अर्ध्या मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मोजमापाचं कामच उरत नाही. मला ती लेन्स तिथंच आवडली.

मग बिघडतं कुठं? काठावर.

ही लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते. भिंत, खांब, चौकट सगळं ताठ. त्याची किंमत काठावरचा माणूस देतो. त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. भिंत सरळ राहावी म्हणून माणूस वाकडा! वर कोपऱ्यात उजेडही कमी पोचतो. काठावर ताण जास्त, उजेड कमी. हे गणित आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

फोटोवाले म्हणतील, हा लेन्सचा गुण आहे, आम्ही काय करणार? वरच्या फाइंडरमध्ये हा ताण नीट कळत नाही, हे खरं. पण प्रिंटवर कळतो ना? तो प्रिंट निवडून, मोठा करून, भिंतीवर लावला कोणी? लेन्सनं?

माझा अनुभव सांगतो. आमच्याकडची गल्ली चार फुटांची. दारात एक मावशी भांडी घासत बसलेली. नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स असती तर मागं सरायला जागा नव्हती. ही लेन्स घेऊन दोन फुटांवर उकिडवा बसलो. दोन फुटांवरून कोणाचा फोटो चोरता येत नाही. मावशी म्हणाली, "आरं बाबा, इतक्या जवळ येऊन काय बघतुस? बस आधी, च्या घे." चहा घेतला. मग कॅमेरा सरळ धरला, कारण तो जरा कलला की भिंती आत पडायला लागतात. मावशीला मधोमध घेतलं. चौकट, आतली भिंत, तिच्यावरचे बाबासाहेब, सगळं आलं. काठावर हंडे गेले. ते ताणले गेले. हंड्याचं काय बिघडतं?

लांबच्या लेन्सनं रस्त्यापलीकडून आमची गरिबी टिपणाऱ्यांपेक्षा या लेन्सचा माणूस बरा, कारण त्याला आत यावं लागतं. पण आत येऊनही हात परातीएवढा आणि तोंड लिंबाएवढं करणार असाल, तर येता कशाला? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढलेत. ते बघताना मला लेन्स आठवली नाही. कामगार दिसला. मी कसोटी ती मानतो.

हत्याराशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आमच्या माणसाला काठावर ठेवून, तो वाकडा दिसला की त्याला कला म्हणणाऱ्या नजरेशी. आपल्यातली पोरंही आता कॅमेरे घेताहेत. त्यांना एवढंच सांगणं : फोटो काढताना आणि बघताना आधी काठ बघा. तिथं कोणाला ठेवलंय, ते बघा.