डोंगरदऱ्या की डोंगरदर्या?

संगणक बिघडला की मिळणारा सल्ला ठरलेला असतो. बंद करून चालू करा, ब्राउझर बदला, नाहीतर सगळे काढून पुन्हा टाका. लिनक्सवर मराठी पान विस्कटून दिसले तर आणखी एक वाक्य ऐकू येते : ‘लिनक्सवर मराठी असेच दिसते.’ या सल्ल्यावर आमचा आक्षेप आहे. तो कधीकधी लागू पडतो, हे मान्य. पण दोष कुठे होता, हे त्यातून कळत नाही. म्हणून विज्ञानशिक्षकाने तरी तो वर्गात जसाच्या तसा देऊ नये.

समजा, कन्नड तालुक्यातील पिशोरच्या एका मुलीने आपल्या परिसरावरील निबंधात ‘डोंगरदऱ्या’ हा शब्द लिहिला. ब्राउझरमध्ये मात्र खाली टिंब असलेला र, त्याचा मोडलेला पाय आणि पलीकडे सुटा य असे दिसले. मुलगी काय समजेल? आपलेच शुद्धलेखन चुकले, असेच. अशा वेळी नुसता ब्राउझर बदलायला सांगणे म्हणजे ताप न मोजता गोळी देणे होय.

अक्षर पडद्यावर येण्याआधी चार टप्पे पार पडतात. पहिला, साठवलेला मजकूर. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला व चिन्हाला क्रमांक असतो आणि ते उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात. ‘कि’मध्ये आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. दुसरा टप्पा फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच. तिसरा जोडणी. वेलांटी क-च्या आधी नेऊन ठेवणे, जोडाक्षर घडवणे ही कामे इथे होतात. चौथा, तयार आकृत्या पडद्यावर रंगवणे.

आता लक्षणे पाहा. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर बहुधा देवनागरी फॉन्टच नाही. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली, तर जोडणी झालेली नाही; मजकूर बहुधा ठीक आहे. पान वर सरकवताना पट्टे उमटले, काळे ठिगळ दिसले, तर रंगवण्याच्या टप्प्यावर संशय घ्यावा. ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून तो पुन्हा उघडावा. पट्टे गेले तर गुन्हेगार सापडला.

आपल्या मुलीच्या ‘दऱ्या’चे काय? तो मजकूर उचलून दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीत, उदाहरणार्थ लिबर ऑफिसमध्ये, चिकटवावा आणि फॉन्ट बदलून पाहावा. एका फॉन्टमध्ये शब्द नीट दिसला व दुसऱ्यात मोडला, तर दोष फॉन्टचा. पण सगळीकडे ‘दर्या’ असेच दिसले, तर दोष पहिल्या टप्प्यावर, म्हणजे टंकलेखनात आहे. साधा र मोडून य जोडला की रफार येतो. ‘दऱ्या’साठी टिंबाचा ऱ मोडावा लागतो. ही चूक कोणताही ब्राउझर दुरुस्त करणार नाही, आणि पिशोरच्या डोंगरात समुद्र येऊन बसेल!

‘लिनक्सवर असेच दिसते’ या वाक्याला एके काळी आधार होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 2008 साली फायरफॉक्स 3 येईपर्यंत लिनक्सवरील त्याच्या मूळ आवृत्तीत देवनागरीची जोडणी नीट होत नसे. आज फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही जोडणीसाठी हार्फबझ ही मुक्त आज्ञावली वापरतात. जुने निदान आजच्या रोग्याला लावणे हीसुद्धा अंधश्रद्धाच.

काही दोष आपल्या संगणकात नसतातही. मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नाहीत. हिंदी वळणाचे क्रमांकच ते वापरतात. फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असली, तरी ‘माझी भाषा मराठी आहे’ असे पानाने जाहीर केले नसेल, तर ब्राउझरला निवड करता येत नाही. इथे विद्यार्थ्याने लिनक्स दहादा टाकले तरी उपयोग नाही. पान तयार करणाऱ्यालाच कळवले पाहिजे.

आमच्यासारख्या लिनक्सच्या चाहत्यांचाही यात दोष आहे. टर्मिनलमध्ये लिहायची एक ओळ हातात द्यायची आणि ती काय करते हे सांगायचे नाही, हा मंत्रतंत्राचाच प्रकार झाला.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. बिघाड दिसताच वहीत तीन रकाने आखावेत : काय दिसले, कोणती एकच गोष्ट बदलली, त्यानंतर काय दिसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम प्रयोगशाळेत आपण रोज शिकवतो. तो संगणकाच्या खोलीच्या दाराशी सोडून यायचे काही कारण नाही. शहरातून दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत थांबावे लागणाऱ्या गावात तर ही वही फार उपयोगी पडेल. आणि त्या मुलीला कळेल की तिचा शब्द बरोबर होता.