सौरकौशल्य प्रशिक्षण आणि प्रादेशिक विकास : एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्वच्छ ऊर्जेमुळे ग्रामीण भागात रोजगार निर्माण होतो आणि त्यातून प्रदेशाचा विकास साधतो, हे विधान आता शासकीय अहवालांपासून महाविद्यालयीन परिसंवादांपर्यंत सर्वत्र आढळते. ‘सूर्यमित्र’ कार्यक्रमाच्या आधारे या विधानाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्यक्रमाचे स्वरूप :
नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. २०१९-२० पर्यंत ५०,००० युवकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट होते. ६०० तासांचे हे प्रशिक्षण निवासी व विनाशुल्क होते. दहावीनंतर वीजतंत्री, तारतंत्री यांसारखा आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना त्यात प्राधान्याने स्थान होते. अल्पशिक्षित तरुणाच्या हाती प्रमाणित कौशल्य देणे, हे या कार्यक्रमाचे निःसंशय श्रेय होय.

चिकित्सा :
मात्र कार्यक्रमाचे यश प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजले गेले. प्रशिक्षित व्यक्तीला रोजगार मिळणे आणि तिच्या प्रदेशाचा विकास होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. धुळे जिल्ह्यातील तरुण पुण्यात नोकरीस लागला, तर त्याचे कल्याण होते. परंतु त्याचे कौशल्य साक्री तालुक्याला उपलब्ध राहत नाही. याच तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. अशा प्रकल्पात उभारणीच्या काळात मजुरांची मोठी गरज असते. नंतर मात्र देखरेखीस मोजकेच कर्मचारी पुरतात.

ऊर्जा, पर्यावरण व जल परिषद आणि नैसर्गिक संसाधन संरक्षण परिषद यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार जमिनीवरील सौरप्रकल्पातून प्रति मेगावॅट सुमारे ३.४५, तर छतावरील सौरसंचांतून सुमारे २४.७२ मनुष्यवर्षांचे काम निर्माण होते. या प्रमाणाने १२५ मेगावॅटच्या प्रकल्पाइतके काम छतांवरील अवघ्या साडेसतरा मेगावॅटमधून मिळू शकते. याचा अर्थ, रोजगाराच्या दृष्टीने प्रकल्पाच्या आकारापेक्षा त्याचे विकेंद्रीकरण अधिक महत्त्वाचे ठरते.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सर्वसाधारण प्रवर्गातील शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा आणि पुरवठादाराने पाच वर्षे दुरुस्तीची हमी द्यावयाची, अशी ही रचना आहे. सौरपट्ट्यांचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे असते. पंप व नियंत्रक त्याआधीच बिघडू शकतात. हमी संपल्यानंतर ऐन हंगामात बंद पडलेला पंप कोण दुरुस्त करणार? तालुक्याच्या ठिकाणी कुशल कारागीर व सुटे भाग उपलब्ध नसतील, तर शेतकऱ्याचे पीक धोक्यात येईल. ते असतील, तर तोच एक स्थानिक व्यवसाय ठरेल.

महाविद्यालयांची भूमिका :
कला व वाणिज्य शाखांच्या महाविद्यालयांनी आयटीआयच्या अभ्यासक्रमाची दुबळी नक्कल करण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्य व कार्यप्रशिक्षणाला श्रेयांकांची जी वाट खुली केली आहे, तिचा उपयोग वेगळ्या पद्धतीने करता येईल. अर्थशास्त्र विभागाने परिसरातील पंपांची व त्यांच्या हमीच्या मुदतीची गावनिहाय नोंद ठेवावी. वाणिज्य विभागाने दुरुस्ती केंद्राचे हिशेब, कर्जप्रस्ताव व सहकारी संस्थेची नोंदणी शिकवावी. भौतिकशास्त्र विभागाने नजीकच्या आयटीआयच्या सहकार्याने मापन व दोषशोधनाचा सराव घ्यावा. प्रशिक्षितांपैकी किती जण तीन वर्षांनंतरही तालुक्यातच याच व्यवसायात आहेत, याचा पाठपुरावा करणे तितकेच आवश्यक आहे.

निष्कर्ष :
सूर्यमित्र कार्यक्रमाने कौशल्याचा पुरवठा वाढविला. त्या कौशल्याला स्थानिक मागणीशी जोडण्याची व्यवस्था मात्र त्याच्या कक्षेत नव्हती. ही उणीव भरून काढण्यास तालुक्यातील महाविद्यालय सर्वाधिक योग्य ठिकाणी उभे आहे. त्यासाठी नव्या इमारतीपेक्षा विभागांमधील समन्वयाची आणि परिसराच्या अचूक माहितीची अधिक गरज आहे.