वाटीचं माप आणि मुठीचं माप

'स्वस्त आणि मस्त' हे दोन शब्द एका ताटात वाढायची पांढरपेशांची जुनी खोड आहे. महिनाअखेर आली की शिळ्या पोळीचं काय करावं, उरलेल्या भाताचं काय करावं. मित्रांनो, पोळी उरते कुणाकडं? आमच्या कसाऱ्याच्या घरात भाकरी शिळी व्हायची ती मुद्दाम. पहाटेच्या लोकलनं कामाला जाणाऱ्याच्या फडक्यात बांधायची म्हणून रात्रीच थापलेली. उरली म्हणून नव्हे.

हे सुचायचं कारण, दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. एक कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' (1970), दुसरं शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015). मध्ये 45 वर्षं गेली.

आधी न्यायाचं बोलू. कमलाबाईंनी अंदाजपंचे कारभार मोडून वाटी-चमच्याचं माप दिलं. आईपासून लांब संसार मांडणाऱ्या मुलीला त्यामुळं स्वयंपाक जमला. हे काम मोठं आहे, त्याला नावं ठेवणारा करंटा. पण वाटीनं मापायचं तर डबा भरलेला पाहिजे. आमच्याकडं माप उलटं. आधी माणसं मोजायची, मग कालवणात पाणी. ऐन वेळी पाहुणा आला तर एक तांब्या पाणी, दोन मिरच्या आणि मीठ वाढवायचं, आणि तरी चव मोडू द्यायची नाही. ही पाककृतीच आहे की! मग ती 'पाककला' का झाली नाही? कारण 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून जे छापलं गेलं ते मूठभर घरांचं होतं, आणि बाकीच्या महाराष्ट्रानं ते आपलं म्हणून वाचलं.

आपल्या वाङ्मयाचीही यात थोडी चूक आहे, हे कबूल केलं पाहिजे. 'बलुतं' (1978), 'उपरा' (1980), 'अक्करमाशी' (1984) यांत भूक आली, ती हाडामांसासकट आली. बेबी कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (1986) चूल जवळून दिसते. पण भुकेपुढं उभं राहून बाईनं काय अक्कल चालवली, मसाला काय, फोडणी कशाची, हे ज्ञान म्हणून फारसं कुणी मांडलं नव्हतं. ते पाटोळ्यांनी मांडलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं रक्ती, चान्या, येसूर सगळं नावानिशी सांगितलं. शीर्षकातच 'पूर्णब्रह्म'वाल्यांना उत्तर दिलं. 2024 साली पुस्तक इंग्रजीतही गेलं.

आता अवघड गोष्ट. आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेल्या जनावराचं मांस टाका म्हणून सांगितलं, आणि तुम्ही त्याच्या रेसिप्या लिहिता? प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. माझ्या आजोबांनी ते टाकलं आणि त्यापायी गावाशी वैर घेतलं. पण बाबासाहेबांनी टाकायला सांगितली ती लाचारी. मेलेलं ढोर ओढायचं, आणि मोबदल्यात तेच खायचं. आठवण टाका असं ते म्हणाले नाहीत. उलट 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचं मूळ शोधताना त्यांनी गोमांसाचा प्रश्न ऐन मध्यावर ठेवला. लाज वाटते म्हणून लपवलेलं, आणि विचार करून टाकलेलं, यांत फरक आहे. टाकलेल्याची नोंद ठेवता येते. आणि एक, मेलेलं मांस वेगळं, बाजारातून विकत आणलेलं वेगळं. 2015 साली राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस कायद्यानं उचललं गेलं, तेव्हा 'स्वस्त आणि मस्त'वाले कुठं होते?

पाटोळ्यांवर माझी तक्रार वेगळी आहे. तक्रार तरी कशी म्हणू, पुस्तक मराठवाड्याचं आहे, त्यात शहापूर-मुरबाड कुठून येणार. पण आपली पोरं तेच 'दलितांचं जेवण' म्हणून धरून बसतील ही भीती आहे. आमच्याकडं चव येते ती सुक्या मासळीतून. पावसाआधी आगोटीला जवळा, सुकट, बोंबील भरायचे. मूठभर जवळा तव्यावर कोरडा भाजायचा, धुऊन घ्यायचा, कांदा-लसणाच्या फोडणीत टाकायचा, वर कैरीची फोड किंवा आमसूल. पाचजणांच्या भाकऱ्या त्या एका मुठीवर निघतात. पहिल्या पावसात शेवळं, मग टाकळा, कुरडू, कंटोळी. शेवळं खाजरी, म्हणून काकडं घालून शिजवायची. ठाकूर-कातकऱ्यांच्या बायांकडून शिकलो आम्ही हे, ते उपकार लिहायला पाहिजेत. त्याच बाया पाट्या घेऊन लोकलनं कल्याण-दादरला जातात. तिथं शेवळाची जुडी चैनीची वस्तू होते. गंमत बघा, रानात ती गरिबाची भाजी, दादरला ती कुळाचाराचं कौतुक. भाजी तीच, उभं कोण कुठं आहे त्यावर तिची किंमत.

आणि रेशन. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी 5 किलो धान्य आलं. पोट भरतं, खोटं कशाला बोलू. पण भातावर घालायला डाळ विकत, तेल विकत. नाचणी-वरई मागं पडली ती पडलीच.

पाटोळ्यांच्या पुस्तकातलं एक प्रकरण आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बरं लिवलंय. पर लाकडं कुनी आनली, पानी कुनी आनलं, ते नाय लिवलं?" मी गप्प. तानसा आणि भातसा ही धरणं आमच्याच तालुक्यात, मुंबईच्या नळाला पाणी जातं, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन वणवणतात. स्वस्त जेवणाच्या हिशेबात बाईचे हे तास कुणीच धरत नाही. कमलाबाईंना धरायचं कारणच नव्हतं. पाटोळ्यांनी धरायला हवे होते. ताटावर शेवटी कोण बसतं, तिच्या वाट्याला रस्सा किती नि फोडी किती, हेही पाककृतीतच लिहायला हवं.

म्हणून वही आणलीय. आगोट जवळ आलीय, आई सांगतेय, मी लिहितोय. जवळा किती घ्यायचा विचारलं तर मूठ दाखवते. कुणाची मूठ, तुझी का माझी, विचारलं तर हसते आणि चुलीकडं वळते.