उलट क्रमाचा अपवाद

मोटारींच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एक सूचना हमखास भेटते: भाग ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने ते बसवावेत. लिहिणाऱ्याचं काम तेवढ्यावर संपतं आणि वाचणाऱ्याचंही बहुतेक वेळा भागतं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या कारखान्याने काढलेल्या मॅन्युअलमध्ये मात्र टायमिंग कव्हरचं काम येतं तिथे लेखकाने ही सोय घेतलेली नाही. तिथे काढण्याचा क्रम एक आणि बसवण्याचा वेगळा. इंजिनाच्या पुढच्या टोकाची सगळी समज मला या फरकात दिसते, आणि म्हणूनच हा छोटा उतारा मी अजूनही आवडीने वाचतो.

एमजीबी १९६२ मध्ये आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९८० पर्यंत बनत राहिली आणि पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर उतरल्या. लांब बॉनेट, दोन माणसांची बैठक आणि पुढे १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं भावंड आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. त्यामुळे सरकारी अँबॅसिडर खोलून हात काळे केलेल्या कुणाही जुन्या मेकॅनिकला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटायचं कारण नाही.

टायमिंग कव्हर म्हणजे दाबून घडवलेल्या पत्र्याचं झाकण. क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारी चेन त्याच्याआड असते. या झाकणाला ऑइल दोन ठिकाणी अडवायचं असतं आणि दोन्ही ठिकाणची अडचण निराळी आहे. कडेला ते इंजिनाच्या पुढच्या प्लेटवर टेकतं. तिथे काहीच हलत नाही, पंपाच्या दाबाचं ऑइल थेट अंगावर येत नाही, चेनवरून उडालेलं ऑइल नुसतं निथळत असतं. म्हणून तिथे कागदाचं पातळ पॅकिंग पुरतं. मधल्या भोकातून मात्र क्रँकच्या पुलीचा गळा बाहेर येतो आणि मिनिटाला हजारो फेरे घेतो. तिथे ऑइल सील लागतं. स्थिर सांधा आणि फिरता सांधा एकाच पत्र्यावर, एकमेकांपासून काही इंचांवर. या कामातली सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

गळती नेमकी कुठून आहे हे ठरवणं हेही एक वाचनच आहे, आणि घाईने केलं की फसतं. गाडी धावताना वारा ऑइलला मागे ढकलतो, त्यामुळे पुढचं पॅकिंग गळत असताना डाग मात्र संपवर किंवा थेट गिअरबॉक्सपाशी दिसतात. इंजिन धुऊन, कोरडं करून, सांध्यावर टाल्कम पावडर शिंपडून थोडा वेळ चालवलं की ऑइलची पहिली रेघ कुठे उमटते ते कळतं. त्याहीआधी ब्रीदर तपासावा. पिस्टनच्या बाजूने निसटलेल्या वायूंना बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो सगळ्यात दुबळ्या सांध्यातून ऑइल बाहेर लोटतो. ब्रीदर तुंबलेलाच राहिला तर नवं पॅकिंगही गळणार, आणि दोष बिचाऱ्या कागदाला मिळणार.

खोलण्याचा भाग मॅन्युअल झपाट्याने संपवतं आणि ते योग्यच आहे. पाणी काढा, रेडिएटर उतरवा, फॅन बेल्ट सोडा, लॉक वॉशरचा दुमडलेला कान सरळ करा, पुलीचा बोल्ट काढा, पुली ओढून घ्या, मग कव्हर. पुली आधी, कव्हर नंतर, हे लक्षात ठेवायचं.

एका गोष्टीची उणीव मात्र मला जाणवते. जुनं पॅकिंग खरडून काढल्यावर कव्हरची कड नीट पाहायला हवी. पत्रा पातळ असतो. कुणीतरी कधीतरी बोल्ट जोरात आवळलेले असतात आणि प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा इंजिनाच्या बाजूला फुगून आलेला असतो. काचेच्या तुकड्यावर कड टेकवली की दोन बोल्टांच्या मधून उजेड दिसतो. अशा कडेला बोल्टांपाशी पॅकिंग चिरडतं आणि मधल्या जागेत सैल राहतं. ऐरणीवर ठेवून, हलक्या हातोडीने भोकांचे फुगवटे बसवल्याशिवाय नवं पॅकिंग घालण्यात अर्थ नाही. हे गॅरेजमध्ये हाताखाली काम करतानाच शिकायला मिळतं. आपल्याकडे तयार पॅकिंग मिळालं नाही की पॅकिंगचा कागद थेट कडेवर धरून, गोल डोक्याच्या हातोडीने काठावर टकटक करत तो कापतात. असं पॅकिंग कापणाऱ्याची बोटं सगळ्या कडेवरून फिरतात, आणि कड कुठे उठली आहे ते त्याला न मोजता समजतं.

आता उताऱ्याचा गाभा. चेनच्या पुढे शाफ्टवर ऑइल थ्रोअर नावाची एक चकती असते. सीलकडे येणारं ऑइल ती फिरता फिरता बाहेर भिरकावते. तिच्यावर ‘एफ’ हे अक्षर असतं आणि ते इंजिनापासून दूर, म्हणजे पुढे यावं असं मॅन्युअल बजावतं. जुन्या धर्तीच्या कव्हरला जुन्याच धर्तीचा थ्रोअर हवा, हेही सांगतं. आणि मग ते असं सुचवतं, की पुलीच्या गळ्याला ऑइल लावा, पुली फिरवत फिरवत कव्हरमधल्या सीलमध्ये सरकवा आणि दोन्ही मिळून शाफ्टवर चढवा. बोल्टांची भोकं जुळेपर्यंत कव्हर हलकेच फिरवा, पण सीलच्या लवचीकपणाविरुद्ध त्याला ओढू नका. बोल्ट आवळायचे ते त्यानंतर.

उलट क्रम पाळला असता तर कव्हर आधी आवळलं गेलं असतं आणि पुली नंतर आली असती. पण बोल्टांची भोकं बोल्टांपेक्षा किंचित मोठी असतात. तेवढ्या मोकळिकीत कव्हर जरा एका अंगाला बसलं, की सीलची कड एका बाजूने पुलीवर घासते आणि दुसऱ्या बाजूने नुसती टेकते. पॅकिंग उत्तम बसेल आणि गळती मधून सुरू होईल. म्हणून, जो भाग एरवी सर्वांत शेवटी यायचा, त्यालाच लेखक आधी बोलावतो आणि माप म्हणून वापरतो. कव्हरची जागा मेकॅनिकच्या नजरेने ठरत नाही, बोल्टांच्या भोकांनीही ठरत नाही. ज्या शाफ्टसाठी हे सील आहे तो शाफ्टच ती ठरवतो. वेगळं हत्यार नको, मोजपट्टी नको. इतक्या कमी शब्दांत इतकी मोठी युक्ती सांगणारं तांत्रिक गद्य माझ्या वाचनात फार थोडं आहे.

जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर आपलं पहिलं मॅन्युअल काढलं आणि प्रत्यक्ष खोललेल्या गाडीचे फोटो छापून ही विद्या घरोघरी नेली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण या ठिकाणी फोटोची ताकद कमी पडते. चढवलेलं कव्हर आणि चढवलेली पुली फोटोत दिसेल. आधी काय झालं आणि आवळणं कुठे थांबवून धरलं, हे वाक्यच सांगू शकतं.

मग आकडे येतात. कव्हरचे पाव इंची बोल्ट ६ फूट-पौंडांना, ५/१६ इंची १४ ला, आणि मधला पुलीचा बोल्ट ७० ला. एकाच दर्शनी भागावर ६ आणि ७० शेजारी शेजारी. पहिला आकडा पत्रा वाकू नये म्हणून इतका लहान आहे. वर सांगितलेले भोकांचे फुगवटे हा आकडा न पाळल्याचा परिणाम. दुसरा इतका मोठा आहे कारण हा बोल्ट सैल पडला तर पुली चावीवर डुलू लागते, चावीची खाच झिजते आणि पुलीचा गळा सीलची कड एका बाजूने खाऊ लागतो. म्हणूनच ७० पर्यंत आवळून झाल्यावरही मॅन्युअल पुढच्या कामाकडे वळत नाही. लॉक वॉशरचा कान बोल्टाच्या सपाट बाजूवर दुमडायला सांगतं.